हळकुंडापासून सुरुवात : चित्रात आणि डिझाइनमध्ये पोत कसा आणायचा

पोत शिकायला बसलेला जवळपास प्रत्येक नवशिका एकच करतो. झाडाचं खोड काढलं की वरपासून खालपर्यंत रेघा. दगडी भिंत काढली की प्रत्येक दगडावर ठिपके. टॉवेल काढला की सगळीकडे वेटोळी. मेहनत भरपूर दिसते, पण खोड काही खरखरीत वाटत नाही. कारण साधं आहे : पोत वस्तूवर सगळीकडे असतो, पण दिसतो ठरावीक जागीच. ती जागा ओळखता आली की निम्म्या रेघांत काम होतं. पुढचं बरंचसं लिखाण या एकाच गोष्टीभोवती आहे. उरलेलं साहित्याबद्दल आणि छपाईबद्दल, कारण माझं पोट लग्नपत्रिका आणि लेबलांवर चालतं आणि पोताचे सगळ्यात जास्त हाल तिथेच होतात.

उदाहरणं सांगली-मिरजेची आहेत. तुम्ही दुसरीकडे राहत असाल तर हळकुंडाऐवजी तुमच्याकडचं जे खडबडीत असेल ते घ्या. नारळ चालेल, आल्याचा तुकडा चालेल.

सुरुवातीला लागणारं सामान घरातच सापडेल. एक 2बी आणि एक 6बी पेन्सिल (6बी जास्त मऊ आणि काळी), ड्रॉइंगची वही, झेरॉक्सचे दहा-पंधरा कोरे कागद, काळा मेणखडू आणि मोबाइलचा टॉर्च. रंगांकडे इतक्यात वळू नका.

पहिली पायरी : टॉर्च आणि हळकुंडं

मार्केट यार्डाजवळच्या एखाद्या हळदीच्या दुकानात जा आणि सांगा, "काका, बिनपॉलिशची दोन हळकुंडं द्या आणि पॉलिशची दोन." कशाला म्हणून विचारतील. चित्र काढायला म्हटलं की एकदा वरपासून खालपर्यंत बघतील आणि देतील. एवढ्यासाठी सहसा कोणी पैसे घेत नाही.

चारही हळकुंडं टेबलावर पांढऱ्या कागदावर ठेवा. बिनपॉलिशच्या हळकुंडाला थोड्या थोड्या अंतरावर आडवी वळी असतात. दोन वळ्यांच्या मध्ये बारीक उभ्या सुरकुत्या, मुळं तुटली तिथे टोचरे खुंट, आणि काही ठिकाणी सालीचे सुटत आलेले पापुद्रे. रंग मातकट. हळद उकडून वाळली की ती पॉलिशच्या ड्रममध्ये घालून फिरवतात. हळकुंडं एकमेकांवर आणि ड्रमच्या अंगावर घासली जातात, पापुद्रे आणि मुळं निघून जातात. पॉलिश झालेल्या हळकुंडावर वळी राहतात, पण बोथट, आणि पिवळा रंग वर येतो. म्हणजे जिन्नस एकच आणि पोत दोन. अभ्यासाला यापेक्षा सोयीची जोडी मला अजून सापडलेली नाही.

आता खोलीतला दिवा बंद करा. टॉर्च तुमच्या डोळ्यांजवळून, बरोबर समोरून मारा. बिनपॉलिशच्या हळकुंडावरच्या सुरकुत्या जवळपास नाहीशा होतात, नुसता आकार उरतो. मग टॉर्च खाली आणा, टेबलाच्या पातळीवर, आणि बाजूने मारा. प्रत्येक वळीला एक उजळ कड आणि तिच्यामागे एक सावली मिळते. पापुद्रे उभे राहतात. हात न लावता खरखर कळते. हळकुंड तेच आहे, तुम्हीही जागचे हलला नाहीत, फक्त उजेडाचा कोन बदलला.

टॉर्च तसाच बाजूला राहू द्या आणि एकाच हळकुंडावर नजर लावा. उजेडाकडची बाजू बघा : तिथे उजेड थेट पडतो, बारीक उंचवट्यांच्या सावल्या पडायला जागाच नाही, म्हणून पोत फिका. पलीकडची सावलीची बाजू बघा : तिथे उजेडच पोचत नाही, पोत बुडालेला. या दोन्हींच्या मध्ये, उजेड घसरत घसरत सावलीत जातो तिथे एक अरुंद पट्टा असतो. सगळी खरखर त्या पट्ट्यात गोळा झालेली असते. शिकवताना मी त्याला मधला पट्टा म्हणतो, आणि इथून पुढे तोच शब्द वापरणार आहे.

हा प्रयोग वाचून सोडू नका, खरंच करा. टॉर्च हळूहळू फिरवा आणि मधला पट्टा हळकुंडावरून कसा सरकतो ते बघा. पॉलिशच्या हळकुंडावरही करा. तिथे मधल्या पट्ट्यात काहीच फारसं दिसत नाही, पण उजेडाच्या बाजूला हलकी चमक येते. ही गोष्ट पुढे कामाला येईल.

घराबाहेर टॉर्चचं काम ऊन करतं. म्हणून दगडांचा अभ्यास करायला कृष्णेच्या घाटावर भर दुपारी जाऊन उपयोग नाही. डोक्यावरच्या उन्हात पायऱ्यांचे वरचे सपाट भाग सगळे एकसारखे पांढुरके दिसतात. सकाळी आठच्या आत जा. तिरप्या उन्हात पायरीच्या कडेला टाकीचे ठोके दिसतात आणि मधोमध, जिथे पावलं पडतात, तिथे दगड झिजून गुळगुळीत झालेला दिसतो. एकाच पायरीवर दोन पोत. सांगलीच्या 1929 च्या आयर्विन पुलाचं दगडकामही अशाच उन्हात बघावं.

दुसरी पायरी : छाप घ्या

लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवली नाही असा माणूस विरळा. तोच खेळ आता शिस्तीत खेळायचा. माक्स अर्न्स्ट या जर्मन चित्रकाराने 1925 मध्ये जुन्या लाकडी जमिनीवर कागद ठेवून असेच छाप घेतले आणि त्यातून पुढे जंगलं, पक्षी अशी चित्रं काढली. आपल्याला इतक्या लांब जायचं नाही; आपल्याला नमुने गोळा करायचे आहेत.

कागद पातळ हवा. झेरॉक्सचा साधा कागद बरा, पतंगाचा त्याहून बरा, ड्रॉइंगचा जाड कागद नको. वस्तूवर कागद ठेवून कडेला चिकटपट्टी लावा, म्हणजे तो सरकणार नाही. मेणखडूचं वेष्टण काढून तो आडवा धरा आणि एकाच दिशेने, हलक्या हाताने फिरवा. दाबायचं नाही. दाबलं की खोलगट भागही रंगतो आणि छाप भरून जातो.

कशाकशाचे घ्याल? घाटाची पायरी, बारदान, जुन्या वाड्याच्या दाराची फळी, विटा, गटाराचं लोखंडी झाकण, पिंपळाचं पान (मागची बाजू वर ठेवून), पायपुसणं, सुपाची वीण, वेताची खुर्ची. घोंगडीचा छाप नीट येत नाही, लोकर दबते. देवळाच्या कोरीव कामावर किंवा जुन्या शिलालेखावर मात्र खडू फिरवायला जाऊ नका. कागद फाटला तर मेण थेट दगडावर लागतं आणि ते निघत नाही.

प्रत्येक कागदाच्या मागे काय आणि कुठलं ते लगेच लिहा. घरी आल्यावर बारदान कोणतं आणि पायपुसणं कोणतं हे ओळखता येत नाही, हे दर वेळी होतं.

एक गोष्ट नवशिक्यांच्या लक्षात येत नाही. छापात उंचवटे काळे येतात आणि खाचा पांढऱ्या राहतात. प्रत्यक्ष उजेडात नेमकं उलटं असतं : उंचवट्यावर उजेड, खाचेत अंधार. म्हणून छाप जसाच्या तसा चित्रात उतरवला तर दगड आतून बाहेर काढल्यासारखा वाटतो. छापावरून वीण, अंतरं, तालबद्धता शिकायची. उजेड-सावली मात्र वस्तूकडे बघूनच ठेवायची. छाप मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर घेऊन रंग उलटे केले तर तो खऱ्याच्या जवळ जातो, तेही करून बघा.

तिसरी पायरी : चौकोनांचा रियाज

वहीच्या पानावर 5 सेंटीमीटरचे बारा चौकोन आखा. प्रत्येक चौकोनात एकच पृष्ठभाग काढायचा. वस्तू नाही, तिची बाहेरची रेषा नाही, नुसता पृष्ठभाग. पहिले तीन चौकोन बारदान, बिनपॉलिशचं हळकुंड आणि घोंगडी यांना द्या.

रेघ किंवा ठिपका ओढताना तुमच्या हातात फार थोड्या गोष्टी असतात. खूण किती लांब, दोन खुणांत अंतर किती, खुणांचा रोख कुठे, हात किती दाबलेला. एका वेळी एकच बदला. बारदानासाठी आडव्या-उभ्या तुटक रेघा काढल्यात, तर आधी फक्त अंतर कमी-जास्त करा आणि काय फरक पडतो ते बघा. मग फक्त दाब बदला. बारदानाचं खरं गुपित असमानतेत आहे : एखादा धागा जाड, एखादी गाठ, एखादी जागा विरळ. सगळ्या रेघा सारख्या आल्या की ते बारदान राहत नाही, डासांची जाळी होते.

घोंगडी वेगळी. तिथे रेघेला धार नको. 6बी आडवी धरून राखाडी छटा द्या, मग खोडरबराचा कोपरा हलकेच टेकवत वरची लव उजळ करा आणि शेवटी कडेला चार-दोन केस बाहेर आलेले दाखवा. मऊपणा आतल्या भागात कमी कळतो, कडेला जास्त. चित्रात एखादी वस्तू मऊ आहे की कडक, हे डोळा सगळ्यात आधी तिच्या कडेवरून ठरवतो.

नुसत्या रेघांवर किती पटवून देता येतं याचा जुना दाखला म्हणजे अल्ब्रेख्ट ड्यूररचं 1515 चं गेंड्याचं काष्ठमुद्रण. ड्यूररने गेंडा पाहिलाच नव्हता. कोणाचं वर्णन आणि एक रेखाटन एवढ्या आधारावर त्याने तो काढला. कातडीवर खवले, चिलखतासारखे जोड, पायांवर माशाचे असावेत तसे नक्षीदार पट्टे. शरीररचना चुकीची आहे, पण रेघांचा रोख प्रत्येक भागाच्या गोलाईबरोबर वळतो, त्यामुळे कातडी जड आणि टणक वाटते. लोक पुढे अडीचशे वर्षं गेंडा असाच असतो असं मानत राहिले.

पुढचे तीन चौकोन गुळगुळीत वस्तूंना द्या, कारण गुळगुळीतपणा हाही पोतच आहे आणि तो जास्त अवघड आहे. त्यासाठी मिरजेला जा. सतारमेकर गल्लीत दुकानाबाहेर कच्चे भोपळे टांगलेले किंवा रचलेले दिसतात आणि आत पॉलिश झालेल्या सतारी. कच्च्या भोपळ्याची साल मळकट, डागाळलेली, जागोजागी ओरखडे पडलेली. त्याच्यावर उजेड पडला की एक पसरट, मंद उजळ भाग दिसतो, कुठे संपतो ते सांगता येत नाही. तयार सतारीच्या भोपळ्यावर लाखेच्या पॉलिशचे हात चढलेले असतात. तिथे तोच उजेड एका लहान, लखलखीत ठिपक्यात येतो, ठिपक्याला कापल्यासारखी कड असते, आणि नीट पाहिलं तर त्यात दुकानाचं दार लहानसं दिसतं. पेन्सिलीने चमक काढायची युक्ती एवढीच : सगळ्यात पांढरं आणि सगळ्यात काळं शेजारी शेजारी ठेवा आणि मध्ये छटा मिसळू नका. तुम्ही बोटाने घासून सगळं मऊ केलंत की चमक मेलीच. दुकानदाराला विचारून, वाद्याला हात न लावता बसलात तर कोणी उठवत नाही.

ओला दगड याच कुळातला. पाणी दगडावरचे बारीक खड्डे भरून टाकतं, त्यामुळे उजेड विखुरत नाही. दगड गडद दिसतो आणि वर तुरळक तीक्ष्ण चमक येते. म्हणून ओलं दाखवायला आधी रंग गडद करावा लागतो, नुसते पांढरे ठिपके ठेवून भागत नाही.

उरलेले सहा चौकोन तुमचे. गूळ, बेदाणे, वाळलेला चिखल, पत्रा, उसाचं पाचट, आजीच्या हाताची पाठ, काहीही.

चौथी पायरी : आता वस्तू काढा, पण पोत राखून

इथे पहिल्या पायरीतला मधला पट्टा परत येतो. बिनपॉलिशचं हळकुंड मोठ्या आकारात काढा, तळहाताएवढं. आधी पोत पूर्ण विसरून फक्त उजेडाची बाजू आणि सावलीची बाजू अशा दोन सपाट छटा भरा. मग त्यांच्या सीमेवरच, मधल्या पट्ट्यात, वळी आणि सुरकुत्या नीट, जीव लावून काढा. तिथून उजेडाकडे जाताना रेघा तुटक आणि फिक्या करत सोडून द्या. सावलीकडे जाताना त्या बुडू द्या. उजेडाच्या बाजूला कडेजवळ एखादा पापुद्रा, बस्स. बघणाऱ्याचा डोळा उरलेली खरखर स्वतः भरतो.

पहिल्या वेळी हात शिवशिवेल. मोकळी राहिलेली पांढरी जागा अर्धवट वाटेल आणि तिथे चार रेघा टाकाव्याशा वाटतील. टाकू नका. पान भिंतीला टेकवून दोन-तीन मीटर मागे जाऊन बघा, मग ठरवा.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या वस्तुचित्राची तयारी करणाऱ्यांना हे थेट उपयोगी आहे. पितळी तांब्या आणि त्याच्याखाली नॅपकिन असेल, तर तांब्यावर कापलेल्या कडेची चमक आणि नॅपकिनवर घडीच्या वळणापाशीच वीण, असं केलं की दोन्हींतला फरक एका नजरेत कळतो. दोन्हींवर सारखी शेडिंग केली तर तांब्याही सुती वाटतो.

लांबच्या-जवळच्या वस्तूंनाही हाच हिशेब. उसाचा फड काढताना पहिल्या दोन ओळींतली पानं सुटी सुटी, त्यांच्या कडेची करवत जाणवेल इतकी. मागे जाल तशा खुणा लहान आणि दाट, आणि सगळ्यात मागे नुसती छटा. मागच्या फडातही पानन् पान काढलं की फड उभा भिंतीवर चिकटवल्यासारखा येतो.

पाचवी पायरी : हाताला लागणारा पोत

आतापर्यंतचा पोत डोळ्यापुरता होता. आता कागदावरच खरा उंचवटा आणू.

जलरंगात तीन गोष्टी करून बघा. कागद 300 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन; आकडा मोठा तितका कागद जाड), दाणेदार घ्या. पातळ कागदावर यातलं काहीच जमत नाही. एक : जवळजवळ कोरड्या ब्रशने रंग आडवा ओढा, तो फक्त कागदाच्या दाण्यांवर बसतो आणि खाचा पांढऱ्या राहतात. घाटाच्या दगडासाठी हे उत्तम. दोन : मेणबत्तीने आधी रेघा मारा आणि वरून रंग फिरवा, मेण रंग घेत नाही. तीन : ओल्या रंगावर मीठ. यात वेळ महत्त्वाची. रंग पाण्याने डबडबलेला असताना टाकलं तर मीठ विरघळून जातं, सुकल्यावर टाकलं तर काहीच होत नाही. कागदावरची ओली चकाकी जायला लागते त्या क्षणी चिमूटभर जाडं मीठ टाका, पूर्ण वाळू द्या, मग झटका.

ॲक्रिलिकसाठी तयार टेक्स्चर पेस्ट मिळते, पण शिकताना घरची चालते. एक भाग फेव्हिकॉल, दोन भाग चॉक पावडर, थोडा पांढरा ॲक्रिलिक रंग, श्रीखंडाइतकं घट्ट. मैद्याची खळ यात मिसळू नका, पावसाळ्यात बुरशी धरते आणि पुढे झुरळं-कसर येते. हे मिश्रण कागदावर नव्हे, एमडीएफच्या तुकड्यावर किंवा जाड बोर्डावर लावा. एका वेळी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड थर नको. वरचा भाग आधी सुकून आकसतो आणि भेगा पडतात. अर्थात भेगाच हव्या असतील तर मुद्दाम जाड लावा. नदीकाठचा वाळलेला गाळ काढायला याहून सोपी रीत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीच्या हवेत हा थर सुकायला दोन-तीन दिवसही जातात, घाईने हेअर ड्रायर मारला की वर साय आणि आत ओल राहते.

ओला असताना त्यावर कंगवा, काटा, बारदानाचा तुकडा, प्लॅस्टिकची जाळी दाबा. वाळू मिसळायची असेल तर ती धुऊन, वाळवून, चाळून घ्या. सुकल्यावर आधी पातळ गडद रंग सगळीकडे फासा आणि ओल्या फडक्याने वरचा पुसून घ्या. खाचांत गडद राहतो. मग फिका रंग कोरड्या ब्रशने नुसत्या माथ्यांवरून फिरवा. पहिल्या पायरीत टॉर्चने जे केलं तेच इथे रंगाने होतं.

एक मोह टाळा. सांगलीत राहतो म्हणून चित्रात खरी हळद वापरायची कल्पना प्रत्येकाला सुचते. हळदीचा पिवळा उन्हात टिकत नाही, काही आठवड्यांत उडतो. शिवाय चुना किंवा साबण लागला की तो लाल होतो; कुंकू तसंच तर करतात. तेव्हा पिवळा ट्यूबमधलाच वापरा.

रंगाच्या जाडीने काय साधतं ते पाहायचं असेल तर सय्यद हैदर रझा यांची फ्रान्समध्ये काढलेली 1950 आणि 60 च्या दशकांतली निसर्गचित्रं शोधा. जाड रंग, घाईचे फटकारे, रात्रीच्या गावातून जाळ उसळल्यासारखे. आणि त्यांच्याशेजारी 1924 साली नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे ठेवा. ते रोलर आणि पॅलेट नाइफ वापरून रंगाचा थर चढवत आणि काढत. मोठा शांत रंगपट आणि त्यात कुठेतरी थोडीशीच खरवड, डोळा तिथेच जाऊन थांबतो. पोत राखून वापरणं म्हणजे काय हे मला त्यांच्या चित्रांत सगळ्यात स्पष्ट दिसतं.

सहावी पायरी : पत्रिका, लेबल, बॅनर

डिझाइनमध्ये पोत बहुतेक वेळा अक्षरांच्या मागे येतो आणि अक्षरं खातो. देवनागरीत हे जास्त घडतं, कारण आपल्याकडे अर्थ टिंबावर अवलंबून असतो. मागे दाणेदार सोनेरी पोत असला की अनुस्वार त्या दाण्यांत हरवतो. पत्रिकेवरच्या 'चि. सौ. कां.' मधलं टिंब गेलं की नवरीकडचे फोन करतात. रकार, रफार, पाय मोडल्याची खूण यांचीही तीच गत. बारीक पोतावर बारीक अक्षर कधीच ठेवू नका. पोताचे दाणे अनुस्वाराच्या टिंबापेक्षा स्पष्ट मोठे ठेवा किंवा इतके फिके ठेवा की डोळे बारीक केल्यावर ते नाहीसेच व्हावेत. स्क्रीनवर मोठं करून बघून निर्णय घेऊ नका. खऱ्या मापात एक प्रिंट काढा, हातभर अंतरावर धरा आणि घरातल्या चष्मा लावणाऱ्या माणसाला चष्म्याशिवाय वाचायला सांगा.

छापलेला पोत आणि कागदाचा स्वतःचा पोत एकावर एक चढवू नका. टेक्स्चर कागद निवडला असेल तर डिझाइन साधं ठेवा. खडबडीत कागदावर सोनेरी फॉइल खाचांत बसत नाही, अक्षरं तुटतात. फॉइल हवी तर कागद गुळगुळीत. उठावाच्या छपाईला कागदात अंग लागतं, 250-300 जीएसएमच्या खाली उठाव धरत नाही. स्पॉट यूव्ही (ठरावीक जागीच दिलेला चकचकीत थर) मॅट, म्हणजे बिनचमकीच्या, लॅमिनेशनवरच शोभतो, कारण मजा चमकीची नाही, चमक आणि मंद यांच्या फरकाची आहे. सतारीचा आणि कच्च्या भोपळ्याचा फरक आठवा. ग्राहकाला उठाव, फॉइल, यूव्ही आणि वेल्वेट लॅमिनेशन सगळंच एका पत्रिकेवर हवं असतं. दोन निवडायला लावा. जमल्यास एक.

फ्लेक्सवर बारीक पोत वापरूच नका. चौकातून, चालत्या गाडीवरून तो मळका राखाडी रंग दिसतो.

स्वतःचे पोत फोटो काढून बनवा. इंटरनेटवरच्या फुकट पोतांवर हजार पत्रिका आधीच छापून झाल्या आहेत. पार्श्वभूमीसाठी पोत हवा असेल तर ढगाळ दिवशी, उजेड सगळीकडे सारखा असताना फोटो घ्या. उठावदार हवा असेल तर सकाळच्या तिरप्या उन्हात. मोबाइल पृष्ठभागाला समांतर धरा, फ्लॅश बंद. ए5 मापाच्या कामाला 300 डीपीआयवर (एका इंचात 300 ठिपके) किमान 1748 बाय 2480 पिक्सेल लागतात, आजचे बहुतेक फोन त्याहून जास्त देतात. गिम्प किंवा क्रिता ही फुकट सॉफ्टवेअर पुरेशी आहेत. फोटो कृष्णधवल करा, डिझाइनवर नवा लेयर म्हणून टाका, मल्टिप्लाय किंवा ओव्हरले मोड (लेयर खालच्या रंगात मिसळण्याच्या रीती) लावा आणि ओपॅसिटी, म्हणजे लेयर किती ठळक दिसावा ते, शून्यापासून वर न्या. पोत जाणवायला लागला की थांबा, थोडं मागे या. कॉन्ट्रास्ट बघायचा तो अक्षरांच्या मागे, मोकळ्या जागी नाही.

मोबाइलच्या पडद्यावरही एकेकाळी पोताची रेलचेल होती. ॲपलच्या ॲपमध्ये शिवलेलं चामडं, हिरवी बनात, लाकडी फळ्या असत. 2013 मध्ये आयओएस 7 आलं आणि ते सगळं एका झटक्यात गेलं. वाद झाले, पण बटणं वाचायला सोपी झाली हे मान्य करावं लागतं. माझ्या मते मात्र छापील लेबलावर तो नियम लागू होत नाही. गुळाच्या किंवा बेदाण्याच्या डब्याला हातात घेतल्यावर काहीतरी लागावं.

कुठे बघायला जाल

एक दिवस काढून सातारा जिल्ह्यातल्या औंधला जा. तिथलं श्री भवानी संग्रहालय औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 1938 मध्ये उभं केलं. ते स्वतः चित्रकार होते. राजा रविवर्मांची तैलचित्रं तिथे आहेत. आधी दूरून बघा, रेशीम, जर, दागिने, त्वचा सगळं वेगवेगळं ओळखू येतं. मग जवळ जा. रंगाचा थर जवळपास सपाट आहे; जर म्हणून जे दिसत होतं ते जवळून फिक्या रंगाचे आखूड फटकारे आहेत, आणि तेही घडीच्या वळणापाशीच जास्त. मधला पट्टा तिथेही. त्याच संग्रहालयात हेन्री मूर यांचं आई आणि मुलाचं दगडी शिल्प आहे. बरोबर उलटा अनुभव : तिथे पोत खरा आहे आणि आपण फिरू तशी त्यावरची सावली बदलते. हात लावायला मनाई असते, ती पाळा.

जमलं की नाही, हे कसं ओळखाल

काढलेले बारा चौकोन आणि हळकुंड घरच्या कोणाला तरी दाखवा. "हे काय आहे?" असं विचारू नका, त्यांना हळकुंड आहे हे ठाऊक असतं आणि ते ओळखीवर उत्तर देतात. "हात लावला तर कसं लागेल?" एवढंच विचारा. टोचेल, सरकेल, गार लागेल, भुगा पडेल असं काही तत्काळ आलं तर चौकोन पास. "छान आहे" असं उत्तर आलं तर तो चौकोन परत काढा, आणि काढण्याआधी टॉर्च बाजूला धरून वस्तू पुन्हा बघा. बहुतेक वेळा रेघा कमी पडलेल्या नसतात, जास्त झालेल्या असतात.